मूर्तिपूजेबद्दल बायबलचा इशारा नेमका कोणाला? सोन्याच्या वासरापासून आजच्या श्रद्धेपर्यंत

सोशल मीडियावर एक वाद अधूनमधून डोके वर काढतो. कोणीतरी बायबलमधले एखादे वचन फोटोवर छापून फॉरवर्ड करतो : मूर्तिपूजा करू नका. खाली लगेच प्रश्न येतो, मग चर्चमधल्या मेरीमातेच्या पुतळ्याचे काय? तिसरा सांगतो की, कॅथलिकांनी दहा आज्ञांपैकी एक आज्ञाच गाळून टाकली. चौथा या सगळ्याचा अर्थ 'ख्रिस्ती लोक आमच्या देवांना नावे ठेवतात' असा लावतो. मग कमेंट्सची लढाई सुरू होते आणि मूळ मजकूर काय म्हणतो, हे बाजूला राहते.

मूर्तिपूजेविरुद्धचे इशारे बायबलच्या पहिल्या पुस्तकांपासून शेवटच्या पुस्तकापर्यंत येतात. पण ते कोणी, कधी आणि कोणाला उद्देशून दिले, हे पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. यातले बहुतेक इशारे शेजाऱ्यासाठी नाहीत. ते स्वतःला देवाचे लोक म्हणवणाऱ्यांसाठीच आहेत.

थोडक्यात

- दहा आज्ञांमध्ये दोन गोष्टींना मनाई आहे : इतर देवांची उपासना आणि उपासनेसाठी मूर्ती घडवणे.
- बायबलमधल्या मूर्तिपूजेच्या सर्वांत गाजलेल्या कथांमध्ये दोषी ठरतात ते इस्राएली लोक, त्यांचे राजे आणि त्यांचे याजक.
- नव्या करारात 'मूर्ती' या शब्दाचा अर्थ रुंदावतो. लोभालाही मूर्तिपूजा म्हटले जाते.
- या वचनांच्या आधारे दुसऱ्यांची देवळे पाडली गेल्याचा इतिहासही आहे. गोवा हे त्याचे जवळचे उदाहरण आहे.

आज्ञा नेमकी काय सांगते?

ही आज्ञा जुन्या करारात दोन ठिकाणी येते : 'निर्गम' या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात आणि 'अनुवाद' या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात. इजिप्तमधल्या गुलामगिरीतून सुटून आलेले इस्राएली लोक सीनाय पर्वताच्या पायथ्याशी थांबले आहेत आणि मोशेमार्फत त्यांना नियम मिळत आहेत, असा हा प्रसंग आहे. देव आधी आपली ओळख करून देतो : मीच तुम्हाला गुलामगिरीतून बाहेर काढले. त्यानंतर आज्ञा येते की, दुसरे देव मानू नका आणि आकाशातल्या, पृथ्वीवरच्या किंवा पाण्यातल्या कशाचीही प्रतिमा करून तिच्या पाया पडू नका.

म्हणजे आज्ञेच्या आधी नाते आहे. त्यामुळेच मूर्तिपूजेसाठी बायबलमध्ये वारंवार येणारी उपमा लग्नाची आहे. होशेय हा संदेष्टा इस्राएलच्या मूर्तिपूजेला जोडीदाराशी केलेली प्रतारणा म्हणतो. देवाला 'ईर्ष्यावान' म्हटले जाते तेही याच अर्थाने. मराठीत हा शब्द कानाला खटकतो, पण त्यामागे वचन मोडले गेल्याचे दुःख आहे.

प्रतिमा का नको, याचे उत्तर 'अनुवाद'च्या चौथ्या अध्यायात मिळते. पर्वतावर तुम्ही आवाज ऐकला, आकार पाहिला नाही, याची आठवण मोशे लोकांना करून देतो. या देवाशी नाते जुळते ते ऐकण्यातून आणि ऐकलेले पाळण्यातून. आकार दिलेला देव हवा तिथे ठेवता येतो, हवा तसा वळवता येतो. बोलणारा देव मात्र कधी कधी न आवडणारे बोलतो.

मूळ हिब्रू भाषेत मूर्तीसाठी एकच शब्द नाही. 'पेसेल' म्हणजे कोरलेली वस्तू. 'एलीलीम' या शब्दाला निरर्थक, कवडीमोल अशी छटा आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतला 'ऐदोलोन' हा शब्द प्रतिमा, आभास, छाया अशा अर्थांनी वापरला जाई. ज्याच्यात दम नाही त्यावर भार टाकणे, हा धोका या शब्दांतूनच सूचित होतो.

कॅथलिकांनी एक आज्ञा गाळली का?

नाही. घोळ आहे तो क्रमांकांचा. बायबलच्या मूळ मजकुरात आज्ञांना क्रमांक दिलेले नाहीत. दहा हा आकडा मात्र बायबलमध्येच दिलेला आहे. त्यामुळे वेगवेगळ्या परंपरांनी त्याच मजकुराचे दहा भाग वेगवेगळ्या पद्धतीने पाडले.

ज्यू परंपरेत 'मी तुमचा देव' हे विधान पहिले धरले जाते. इतर देव आणि मूर्ती यांची मनाई मिळून दुसरे होते. कॅथलिक आणि ल्युथरन परंपरेत ही सर्व मनाई पहिल्या आज्ञेत येते आणि शेवटची लोभाची आज्ञा दोन भागांत मोजली जाते. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि बहुतेक प्रोटेस्टंट चर्चेस मूर्तीविषयीची मनाई स्वतंत्र, दुसरी आज्ञा मानतात. कॅथलिक पाठांतराच्या छोट्या यादीत पहिल्या आज्ञेचे फक्त सुरुवातीचे शब्द दिसतात, म्हणून 'गाळली' असा समज होतो. कॅथलिक बायबलमध्ये ते वचन पूर्ण आहे.

सोन्याचे वासरू : दुसरा देव की त्याच देवाची मूर्ती?

मूर्तिपूजेची सर्वांत प्रसिद्ध कथा 'निर्गम'च्या ३२ व्या अध्यायात आहे. मोशे पर्वतावर गेला आहे. चाळीस दिवस झाले तरी परतलेला नाही. खाली लोक अस्वस्थ होतात. ते मोशेचा भाऊ अहरोन याच्याकडे जातात आणि आमच्यापुढे चालेल असा देव करून दे म्हणतात. अहरोन त्यांच्या कानांतले सोन्याचे दागिने गोळा करतो आणि वासराची मूर्ती घडवतो.

इथे एक बारकावा सहसा निसटतो. मूर्ती तयार झाल्यावर अहरोन उद्या परमेश्वराचा सण आहे, अशी घोषणा करतो. म्हणजे निदान अहरोनच्या मनात तरी हे वासरू परक्या देवाचे नव्हते. अदृश्य देवाला डोळ्यांसमोर आणण्याचा तो प्रयत्न होता. वाट पाहणे असह्य झाले म्हणून लोकांनी आपल्या सोयीचा देव करून घेतला. त्यासाठी वापरलेले सोनेही स्वतःचेच होते.

या कथेचा शेवट भीषण आहे. मोशेच्या आज्ञेवरून लेवी वंशातले लोक सुमारे तीन हजार जणांना ठार करतात. आजच्या वाचकाला हे वाचताना धक्का बसतो आणि ज्यू व ख्रिस्ती भाष्यकारांनाही या प्रसंगाने सतत अडचणीत टाकले आहे. पण तलवार कोणावर चालली, हेही पाहावे लागते. ती परक्यांवर चालली नाही, आपल्याच लोकांवर चालली.

पुढे इ.स.पू. दहाव्या शतकात राज्य दुभंगल्यावर हीच कथा राजकारणात उतरते. उत्तरेचा राजा यराबाम याला भीती वाटते की, लोक उपासनेसाठी दक्षिणेतल्या यरुशलेमला जात राहिले तर त्यांची निष्ठाही तिकडेच जाईल. म्हणून तो बेथेल आणि दान या दोन ठिकाणी सोन्याची वासरे बसवतो. धर्मस्थळ सत्तेच्या सोयीसाठी उभे राहते. 'पहिले राजे' या पुस्तकाने यराबामाला दिलेला दोष मुख्यतः हाच आहे.

बआल, पाऊस आणि नाबोथाचा द्राक्षमळा

जुन्या करारात सतत नाव येते ते बआलाचे. हा पावसाचा आणि वादळाचा देव. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शम्रा इथे १९२८ मध्ये प्राचीन उगारित शहराचे अवशेष सापडले. तिथल्या मातीच्या पाट्यांवरून बआलाच्या कथा विस्ताराने कळल्या. पावसावर शेती अवलंबून असलेल्या प्रदेशात पावसाचा देव म्हणजे धान्य, गुरे आणि पर्यायाने सुबत्ता. दुष्काळी भागातल्या मराठी वाचकाला ही ओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

इस्राएली लोकांनी परमेश्वराला सोडून दिले, असे क्वचितच घडले. बहुधा ते दोन्ही ठेवत. सीनायच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद इथे १९७५-७६ मध्ये उत्खनन झाले. तिथे इ.स.पू. ८०० च्या सुमाराचे लेख मिळाले. त्यांत परमेश्वराच्या नावासोबत 'अशेरा' हा शब्द येतो. अशेरा हे एका कनानी देवीचे नाव होते आणि तिच्या पूजेतल्या लाकडी खांबालाही तेच नाव होते. लेखातला नेमका अर्थ कोणता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी लोकांचा प्रत्यक्ष धर्म संदेष्ट्यांना हवा होता तितका एकमार्गी नव्हता, एवढे त्यावरून कळते.

राजा अहाब आणि राणी ईजबेल यांच्या काळात, इ.स.पू. नवव्या शतकात, बआलाच्या उपासनेला दरबाराचा आश्रय मिळाला. कर्मेल डोंगरावर एलीया हा संदेष्टा बआलाच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान देतो, ही कथा अनेकांना माहीत असते. देशात दुष्काळ असतो आणि शेवटी पाऊस पडतो. पाऊस देणारा कोण, हाच त्या प्रसंगातला प्रश्न आहे. या कथेचा शेवटही रक्तपातात होतो.

त्यानंतर काही अध्यायांनी येणारी नाबोथाची कथा मात्र तितकी सांगितली जात नाही. राजवाड्याशेजारी नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा असतो. वाडवडिलांची जमीन तो विकायला तयार होत नाही. ईजबेल खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी मारायला लावते आणि अहाब जमीन ताब्यात घेतो. बायबलमध्ये या दोन कथा जवळजवळ आहेत, कारण संदेष्ट्यांच्या दृष्टीने देव बदलला की न्यायही बदलतो. इजिप्तमधून गुलामांना सोडवणारा देव बाजूला पडला की शेतकऱ्याची जमीन बळकावणे सोपे होते.

पितळी साप : देवाने सांगितलेली वस्तूच मूर्ती झाली तेव्हा

'गणना' या पुस्तकात एक विलक्षण प्रसंग आहे. वाळवंटात लोकांना विषारी साप चावतात. देव मोशेला पितळेचा साप करून खांबावर टांगायला सांगतो. त्याच्याकडे पाहणारा वाचतो. म्हणजे ही वस्तू देवाच्याच सांगण्यावरून तयार झाली होती.

कैक शतके उलटतात. इ.स.पू. सातशेच्या सुमारास हिज्कीया राजा यरुशलेमात धर्मसुधारणा करतो. तोपर्यंत लोक त्या पितळी सापापुढे धूप जाळू लागलेले असतात. हिज्कीया त्याचे तुकडे करतो. मोशेने स्वतः घडवलेली, लोकांचा जीव वाचवणारी, पवित्र आठवण असलेली वस्तू. तरीही ती फोडली जाते, कारण ती ज्याच्याकडे बोट दाखवत होती त्याचीच जागा तिने घेतली होती.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी यिर्मया हा संदेष्टा हाच मुद्दा खुद्द मंदिराला लावतो. यरुशलेमचे मंदिर आपल्याकडे आहे, तेव्हा शहराला काही होणार नाही, असा लोकांचा विश्वास होता. मंदिराच्या दारात उभे राहून यिर्मया त्यांना सुनावतो की, अनाथ, विधवा आणि परदेशी यांच्यावर जुलूम करून या इमारतीच्या नावाचा जप करणे म्हणजे फसव्या शब्दांवर भरवसा ठेवणे आहे. काही वर्षांतच बाबेलच्या सैन्याने ते मंदिर जाळले.

बायबलच्या इशाऱ्याची खोली या दोन प्रसंगांत दिसते. परका देव ओळखणे सोपे असते. आपलीच पवित्र गोष्ट मूर्ती झाली आहे, हे ओळखणे कठीण.

यशयाची थट्टा आणि बाबेलच्या मूर्ती

सोशल मीडियावर सर्वाधिक फिरणारा भाग यशयाच्या ४४ व्या अध्यायातला आहे. सुतार झाड तोडतो, त्याच्या एका भागावर भाकरी भाजतो आणि उरलेल्या लाकडाचा देव करून त्याच्यापुढे वाकतो, अशी ती थट्टा आहे. हा भाग वाचून अनेकांना वाटते की, मूर्तिपूजक म्हणजे लाकडालाच देव समजणारे भाबडे लोक.

बाबेलचे लोक तसे समजत नव्हते, हे आता तिथल्याच पाट्यांवरून माहीत आहे. नवी मूर्ती तयार झाल्यावर तिथे 'मीस पी', म्हणजे मुख धुण्याचा, मोठा विधी होई. त्यात कारागीर ही मूर्ती आपण घडवली नाही, असे शपथेवर सांगत. विधीनंतर देव त्या मूर्तीत वास करतो, अशी श्रद्धा होती. प्राणप्रतिष्ठा आणि विसर्जन माहीत असलेल्या मराठी वाचकाला यातला भाव चटकन कळेल. दहा दिवसांनी गणपतीचे पाण्यात विसर्जन करणारा भक्त माती आणि देव यांत फरक करतोच. यशयाच्या व्यंगचित्रात त्याला स्वतःचा चेहरा दिसणार नाही.

मग यशया असे का बोलतो? कारण त्याचा श्रोता बाबेलचा माणूस नाही. हा भाग बाबेलमध्ये बंदी असलेल्या यहूदी लोकांना उद्देशून आहे. त्यांचे शहर जळाले, मंदिर गेले आणि आता समोर विजेत्यांच्या देवांच्या भव्य मिरवणुका निघतात. आपला देव हरला, असे त्यांना वाटू लागले आहे. ४६ व्या अध्यायात संदेष्टा त्यांना एक चित्र दाखवतो : बाबेलचे देव जनावरांच्या पाठीवर ओझे होऊन चालले आहेत, तर तुमच्या देवाने तुम्हालाच जन्मापासून वाहून आणले आहे. हे हरलेल्या लोकांना दिलेले धैर्य आहे. तेच शब्द बलवानाच्या हाती पडले की त्यांचा अर्थ बदलतो.

नव्या करारात काय बदलते?

येशूच्या काळापर्यंत ज्यू समाजात मूर्ती जवळपास नाहीशा झाल्या होत्या. त्यामुळे सुवार्तांमध्ये येशू मूर्तींबद्दल फारसे बोलत नाही. तो बोलतो ते पैशाबद्दल. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो बजावतो की, कोणी दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही. तिथे धनासाठी 'मामोन' हा अरामी शब्द येतो, जणू ते एखाद्या देवाचे नाव असावे. पौल पुढे कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो.

पौल जिथे फिरला ती शहरे मात्र देवळांनी भरलेली होती. अथेन्समध्ये मूर्ती पाहून त्याचे मन अस्वस्थ झाले, असे 'प्रेषितांची कृत्ये' सांगते. तरीही तो तिथे काही फोडत नाही. 'अज्ञात देवाला' वाहिलेल्या एका वेदीचा धागा पकडून तो लोकांशी बोलतो.

इफिस शहरातला प्रसंग अधिक बोलका आहे. तिथे अर्तमी देवीचे जगप्रसिद्ध मंदिर होते. चांदीची छोटी देवळे बनवून विकणारा देमेत्रिय नावाचा कारागीर पौलाच्या प्रचारामुळे धंदा बुडेल, या भीतीने जमाव भडकवतो. शेवटी शहराचा अधिकारी लोकांना शांत करतो आणि पौलाच्या सोबत्यांबद्दल साक्ष देतो की, यांनी देवळे लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. मूर्तिपूजा मान्य नसताना शेजाऱ्याशी कसे वागावे, याचे बायबलमधले हे महत्त्वाचे उदाहरण आहे. मूर्तिपूजेविरुद्धच्या पोस्टमध्ये ते क्वचितच दिसते.

इशारा शेजाऱ्यावर उगारला गेला तेव्हा

जुन्या करारात कनान देशातल्या लोकांच्या वेद्या पाडण्याच्या आज्ञाही आहेत, हे नाकारता येत नाही. 'अनुवाद'च्या सातव्या अध्यायात त्या स्पष्ट आहेत. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतले बहुतेक अभ्यासक त्या आज्ञा त्या भूमीपुरत्या आणि त्या काळापुरत्या मानतात. पण इतिहासात सगळ्यांनी तसे मानले नाही.

गोव्यात पोर्तुगीज सत्तेने १५४० च्या सुमारास तिसवाडीतली आणि पुढे बारदेश व साष्टीतली हिंदू देवळे पाडली. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. ते १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. भाविकांनी आपले देव नदीपलीकडे, पोर्तुगीज हद्दीबाहेर हलवले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज महाराष्ट्रातले असंख्य भाविक ज्या देवळांत जातात, त्यांच्या स्थलांतरामागे हा इतिहास आहे.

यातला विरोधाभासही पाहण्यासारखा आहे. मूर्ती नकोत म्हणून देवळे पाडणाऱ्यांच्या चर्चमध्ये संतांचे पुतळे होतेच. म्हणजे भांडण मूर्तींचे कमी आणि सत्तेचे जास्त होते. यराबामाची वासरे आणि पोर्तुगीजांचे फर्मान यांत हा धागा समान आहे : धर्म राज्याच्या कामाला जुंपला गेला.

चर्चच्या आतला वाद

प्रतिमा चालतात की नाही, यावर ख्रिस्ती लोक आपसातही शतकानुशतके भांडले. आठव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात सम्राटांनी धार्मिक चित्रांवर बंदी घातली. ७८७ मधल्या निकाया इथल्या दुसऱ्या परिषदेने चित्रांना मान्यता दिली. उपासना फक्त देवाची, चित्राला आदर, असा फरक तिने केला. देव येशूच्या रूपाने माणूस झाला, म्हणून त्याचे चित्र काढता येते, असा युक्तिवाद दमास्कसच्या योहानाने आधीच मांडला होता.

सोळाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. मार्टिन ल्युथर अशा तोडफोडीच्या विरोधात होता. मूर्ती आधी मनातून जायला हवी, असे त्याचे म्हणणे होते. माणसाचे मन ज्याला चिकटते आणि ज्यावर विसंबते तोच त्याचा खरा देव, हा त्याचा विचार आजही वारंवार सांगितला जातो. जॉन कॅल्विन प्रतिमांबाबत जास्त कडक होता, पण माणसाचे मन हाच मूर्तींचा कारखाना आहे, हे त्याचेही निदान होते.

आजच्या श्रद्धेशी याचा काय संबंध?

*पैसा.* पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मधल्या 'इव्हांजेली गौदियुम' या पत्रात आजच्या अर्थव्यवस्थेसंदर्भात सोन्याच्या वासराची आठवण काढली. देणगी दिली की देव दुप्पट देईल, असे सांगणाऱ्या प्रचारकांवर अनेक चर्चेस टीका करतात, तीही याच कारणाने. तिथे देवाचे नाव घेतले जाते, पण हवा असतो तो बआल : वेळेवर पाऊस पाडणारा.

*राष्ट्र आणि सत्ता.* १९३४ मध्ये जर्मनीतल्या बार्मेन इथे काही प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी एक जाहीरनामा काढला. हिटलरच्या राजवटीला चर्चमध्ये देवाइतके स्थान देणाऱ्या 'जर्मन ख्रिस्ती' चळवळीला तो विरोध होता. कार्ल बार्थ हे त्याचे प्रमुख लेखक. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही मूर्तिपूजेच्या यादीत सत्ता, सुख, वंश, राज्यसंस्था आणि पैसा यांचा समावेश केला आहे.

*पुढारी आणि प्रचारक.* लाखो फॉलोअर्स असलेल्या पास्टरवर टीका केली की, ती देवावरची टीका समजली जाते. करिंथच्या मंडळीतही 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसचा' असे गट पडले होते. पौलाने त्यांना फटकारले, स्वतःच्या गटालाही सोडले नाही.

*देवाबद्दलची आपलीच कल्पना.* हा धोका सर्वांत जवळचा. आपल्याला ज्यांचा राग येतो त्यांचाच देवालाही राग येतो, आपली जात, पक्ष, भाषा त्यालाही प्रिय आहे, असे वाटू लागले की सोन्याविनाच वासरू तयार झालेले असते. अमेरिकन पास्टर टिमथी केलर यांनी २००९ मधल्या 'काउंटरफिट गॉड्स' या पुस्तकात मांडले की, मूर्ती बहुधा वाईट गोष्टींची होत नाही. कुटुंब, काम, प्रेम अशा चांगल्या गोष्टीच सर्वोच्च जागी बसतात आणि मग त्या माणसाकडून बळी मागतात.

मूर्ती ओळखायची कशी? बायबलमधल्या कथांतून काही प्रश्न सहज निघतात. संकटात पहिला भरवसा कशावर जातो? काय हातचे गेले तर जगण्यात अर्थ उरणार नाही असे वाटते? कशासाठी खोटे बोलायला किंवा दुसऱ्याचे नुकसान करायला मन तयार होते? नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा या शेवटच्या प्रश्नाचीच कथा आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चित्रे, पुतळे काढणेच बायबलला मान्य नाही का?
तसे नाही. कराराच्या कोशावर सोन्याचे करूब होते आणि शलमोनाच्या मंदिरातल्या मोठ्या हौदाखाली बारा बैलांच्या आकृती होत्या. सीरियातल्या दुरा युरोपोस इथल्या तिसऱ्या शतकातल्या सिनेगॉगच्या भिंती बायबलमधल्या प्रसंगांच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या अनेक घरांत एलीया संदेष्ट्याचे चित्र दिसते. चित्राची पूजा मात्र ते करत नाहीत.

ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्याकडचा प्रसाद घ्यावा का?
याबाबत चर्चेस आणि कुटुंबे यांची मते वेगळी आहेत. करिंथमध्ये हाच प्रश्न मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल उठला होता. देवळातल्या पूजाविधीत सहभागी होऊ नका, असे पौल स्पष्ट सांगतो. पण कोणाच्या घरी जेवायला गेलात तर वाढलेले फार चौकशी न करता खा, असेही तो म्हणतो. हे वाहिलेले आहे, असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्याच्या विवेकासाठी टाळा. नियमापेक्षा समोरच्या माणसाचा विचार तो पुढे ठेवतो. त्यामुळे मोदक घेणारा आणि नम्रपणे नको म्हणणारा, दोघेही पौलाचा आधार सांगू शकतात. शेजाऱ्याचा अपमान करणाऱ्याला मात्र तो आधार मिळत नाही.

मग मूर्तिपूजेबद्दल बायबलचे मत सौम्य आहे का?
नाही. बायबल मूर्तिपूजेला ठामपणे नाकारते आणि ज्यू व ख्रिस्ती श्रद्धेतून ते वगळता येत नाही. हिंदू परंपरेत मूर्ती हे देवाला भेटण्याचे स्थान आहे. हा खरा मतभेद आहे आणि तो झाकण्याची गरज नाही. पण मतभेद असणे वेगळे आणि वचनाचा दगड करून फेकणे वेगळे.

योहानाचे पहिले पत्र वाचकांना मूर्तींपासून स्वतःला जपा, एवढे सांगून संपते. ते पत्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेले होते आणि जपायला सांगितले आहे ते स्वतःला. पुढच्या वेळी असे एखादे वचन फॉरवर्ड होऊन आले की, ते मुळात कोणाला लिहिले होते, एवढे पाहिले तरी कमेंट्समधला अर्धा वाद उरणार नाही.